उसनी ताई

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. शाळेच्या दाखल्यावर दुसरं, चांगलं लांबलचक नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून. परदेशात आल्यावर तिथल्या लोकांनी त्या नावाचे दोन तुकडे केले आणि जिभेला झेपेल तो तुकडा ठेवून घेतला. 'धाकटी' म्हणणारं कुणी उरलं नाही, फोनवरचे दादा-वहिनी सोडले तर.

धाकटीचं काम दातांचं होतं. दातांच्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात लॅब होती. वरून माणसांच्या जबड्यांचे साचे खाली यायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायची, त्यात एकेक दात बसवायची, आणि शेवटी फिरत्या चाकावर धरून कवळी अशी गुळगुळीत करायची की तिच्यावरून जीभ फिरली तरी कळू नये. ज्यांच्यासाठी कवळ्या करायची, ती माणसं मात्र तिने कधी पाहिलेली नसत. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," दादा आल्यागेल्याला सांगायचा, "पण आमची धाकटी भरते. तेही परदेशात."

सुरुवातीला तिला तिकडे फार आवडलं होतं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. खोलीला पूर्वेकडे खिडकी, खिडकीखाली बसथांबा. कुठे चाललीस, कधी येणार, अजून लग्न कसं नाही, हे विचारणारं कुणी नाही. लोक काय म्हणतील या धाकात ती वाढलेली; इथे लोक काहीच म्हणत नव्हते. ती एकटी फिरायची, बाकावर बसून आइस्क्रीम खायची, दुकानात तासभर फिरून काही न घेता बाहेर यायची. आपल्यावर कुणाचा डोळा नाही, या गोष्टीचं तिला हसू फुटायचं.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की लोक खरंच काही म्हणत नाहीत. जिन्यात भेटणारे शेजारी मान हलवत. लॅबमधली माणसं चांगली होती, कामापुरती बोलत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जात. कधीकधी शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेलं तोंड तिने सोमवारी सकाळीच उघडलेलं असायचं. मग ती घरी व्हिडिओ कॉल करायची. वहिनी घाईत असे. "बोल गं, ऐकतेय," म्हणून ती फोन फळीवर टेकवून ठेवी आणि विसरून जाई. धाकटीला स्वयंपाकघराचं छत दिसे आणि फिरणारा पंखा. भांड्यांचा आवाज येई, कुणीतरी कुणाला तरी ओरडे, कुकरची शिट्टी होई. ती फोन बंद करत नसे. पंखा बघत आपलं जेवून घेई.

एका दुपारी ती चाकावर बसली होती, तेव्हा वरच्या डॉक्टरांनी तिला बोलावणं पाठवलं. असं कधी होत नसे. एप्रनवरचं मेण झटकत ती जिना चढू लागली आणि अर्ध्या जिन्यातच थबकली.

"टोचतंय! अरे टोचतंय, कितीदा सांगू? बहिरे आहात का सगळे?"

मराठी. खरखरीत, म्हाताऱ्या, संतापलेल्या आवाजातलं मराठी. धाकटीच्या अंगावर काटा आला. फोनच्या बाहेर, भिंतीवर आपटून येणारं मराठी तिने किती काळात ऐकलं नव्हतं.

खुर्चीत एक किडकिडीत म्हातारा बसला होता. एका हातात कवळी धरून तो ती डॉक्टरांच्या तोंडासमोर नाचवत होता. शेजारी त्याची बायको उभी होती: उंच, रुंद खांद्यांची, बारीक कापलेले पांढरे केस, हातात नवऱ्याचा कोट.

तरुण डॉक्टर अवघडून म्हणाले, "बघ ना, तिसऱ्यांदा आलेत. कवळी घालतच नाहीत. आणि बोलतात ते आम्हाला कळत नाही. तुझी भाषा असेल का?"

"टोचतंय म्हणतायत," धाकटी म्हणाली. "आतून कुठेतरी टोचतंय."

तिने म्हाताऱ्यासमोर वाकून विचारलं, "काका, कुठे टोचतंय? बोट लावून दाखवता का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने आवळलेला चेहरा एकदम सैल पडला. त्याने निमूटपणे तोंड उघडलं आणि डावीकडच्या हिरडीवर बोट ठेवलं. तिथे लालभडक जखम झाली होती. धाकटी कवळी घेऊन खाली गेली, आतली बाजू तेवढ्या जागी घासली, पुन्हा गुळगुळीत केली, धुऊन वर आणली. म्हाताऱ्याने ती घातली, दोनदा दात आपटून बघितले आणि म्हणाला, "हं. आता कसं!"

त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. "दोन महिने," ती हळूच म्हणाली, "दोन महिने तो हेच ओरडत होता. मला वाटलं, मला शिव्या देतोय."

जाता जाता तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला विसरण्याचा आजार झाला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी इथली भाषाच गेली. आयुष्यभर जी भाषा तो तिच्याशी बोलला, जिच्यात भांडला, ज्या भाषेत त्याने तिला लग्नाचं विचारलं, ती एखाद्या कपड्यासारखी गळून पडली. खाली राहिलं ते मराठी तिला कधी कळलंच नव्हतं, कारण त्याने ते कधी घरात काढलंच नव्हतं. "तू रविवारी येशील का?" तिने विचारलं. "नुसती बोलायला. त्याच्याशी."

धाकटीने जरा विचार करायला हवा होता, निदान तसं दाखवायला. पण ती लगेच हो म्हणाली.

घर शहराच्या टोकाला होतं. बुटकं, दोन खोल्यांचं, मागे थोडी हिरवळ. म्हातारा खिडकीपाशी घोंगडी पांघरून बसला होता. धाकटी आत गेली, चपला काढल्या आणि म्हणाली, "काका, कसे आहात?"

तो खुदकन हसला. "ताई, मला काका काय म्हणतेस? थट्टा करतेस होय?"

धाकटीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"किती उशीर केलास. आई विचारत होती. ये, बस."

तिने बायकोकडे पाहिलं. बायकोला अर्थातच काही कळलं नव्हतं. तेव्हा धाकटी त्याच्या शेजारी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरली झाली. भावंडांत शेंडेफळ, सगळ्यांचे उतरलेले कपडे घालणारी, सगळ्यांनी दटावलेली. तिला ताई म्हणणारं जगात कुणी नव्हतं. आता तिच्या वडिलांपेक्षा मोठा माणूस तिला म्हणत होता, "ताई, मला भूक लागलीय."

"मग जेव ना बाब्या," ती म्हणाली. बाब्या हा शब्द तोंडात कसा आला तिला कळलं नाही. पण त्याला तो बरोबर वाटला असावा. तो जेवला. बायको दारात उभी राहून बघत होती. नंतर ती म्हणाली की इतका भात त्याने कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.

मग धाकटीचे रविवार ठरूनच गेले. ती शनिवारीच केस धुवायची. बसमध्ये बसल्याबसल्या आज काय बोलायचं ते मनात घोळवायची. म्हाताऱ्याच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा, पण त्या बोलण्यात तिला माहीत असलेलं सगळं होतं: चुलीपुढे ओढलेला पाट, माळ्यावर लपवलेला खाऊ, दुपारी झोपलेल्या मोठ्या माणसांच्या पायांवरून उड्या मारत बाहेर सटकणं. आणि विहीर. विहिरीवर त्याचा फार जीव. काठावरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला की पाणी पार वरच्या पायरीपर्यंत उडायचं, असं तो हातांनी करून दाखवायचा.

धाकटीने ते बायकोला सांगितलं तेव्हा ती मोठ्याने हसली. ती पोहायला शिकवायची. म्हातारा तरुणपणी तिकडे कागदाच्या गिरणीत यंत्रं बसवायला आला होता, काही महिन्यांपुरता. एके दिवशी तो सार्वजनिक तलावावर आला आणि त्याने असाच मुटका मारला. काठावर बसलेल्या सगळ्या बायका नखशिखांत भिजल्या. "मी शिट्टी फुंकली आणि त्याला बाहेर काढलं," ती म्हणाली. "तो म्हणाला, आमच्याकडे असंच पोहतात. मी म्हटलं, याला पोहणं नाही, पडणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात नाव घातलं पठ्ठ्याने."

असं म्हाताऱ्याचं अर्धं आयुष्य एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे होतं, आणि धाकटी मधल्या खुर्चीवर बसून इकडचं तिकडे करत होती. तिला त्यात सुख वाटत होतं. ते कबूल करायची तिला थोडी लाज वाटे, कारण ज्या आजाराने ते घर बसलं होतं, त्याच आजाराने तिचे रविवार भरले होते.

एकदा म्हातारा एकाएकी कळवळून म्हणाला, "ताई, बाबांचा राग गेला का गं?"

"गेला रे. कधीच गेला."

"मग मी येऊ?"

"ये ना. केव्हाही ये."

"काय म्हणतो?" बायकोने विचारलं. धाकटीने सांगितलं. बायकोने हातातला कप खाली ठेवला. "राग? कशाचा राग? मला तर म्हणाला होता, तिकडे माझं कुणी नाही. आईबाप नाहीत, भावंडं नाहीत. लग्नात मी विचारलं होतं, कुणाला बोलवायचं का." "माझ्याशी लग्न केलं म्हणून राग, असं असेल ना?"

अंदाज दोघींचा एकच होता.

त्यानंतरच्या रविवारी ते घडलं. बायको म्हाताऱ्याच्या पायांना तेल चोळत होती. तो तिच्याकडे बघत बराच वेळ धाकटीशी बोलला. बायकोने मान वर केली. "माझ्याबद्दल बोलतोय ना? काय म्हणतोय?"

"तुम्ही खूप चांगल्या आहात म्हणतायत," धाकटी म्हणाली.

बायको हातातली तेलाची बाटली तशीच धरून राहिली. "तो इतका वेळ बोलला आणि तू एवढंसंच सांगितलंस. मी आयुष्यभर मुलांना शिकवलंय. कोण काय लपवतंय ते मला पाण्याखालीसुद्धा कळतं. सांग."

धाकटीने सांगितलं. म्हातारा म्हणाला होता: ही बाई कोण गं, ताई? रोज येते, सगळं करते. चांगली आहे बिचारी. पण हिला घरदार नाही का? हिच्या घरचे हिला न्यायला का येत नाहीत?

बायकोने बाटलीचं झाकण लावलं. म्हाताऱ्याचे पायमोजे चढवले, एक मग दुसरा, नीट, टाचेवर टाच बसवून. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी तू नको येऊस. तुझा राग नाही. पण तो तुझ्याशी हसतो आणि मी माझ्याच घरात पाहुणी होते. मला नाही सहन होत."

धाकटी चपला घालून निघाली. मागून म्हातारा विचारत होता, "ताई, निघालीस? लगेच?"

ते रविवार वाईट गेले. आधीचे एकटे रविवार तिला सवयीचे होते, हे नव्हते. एकदा तिने खोली पुसून काढली, मग पुसलेलीच पुन्हा पुसली. घरी फोन लावला. वहिनी म्हणाली, "मजेत ना?" ती म्हणाली, "मजेत." वहिनीने फोन फळीवर ठेवला. पंखा दिसायला लागला. या वेळी धाकटीने फोन बंद केला, आणि बंद केल्याचं तिकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरचा सहकारी एकदा म्हणाला, "आजकाल तू काम करताना पुटपुटतेस." तिने विचारलं, "काय पुटपुटते?" तो म्हणाला, "मला काय कळणार!"

मग एका दुपारी लॅबच्या दारात बायको उभी राहिली. केस ओले होते. ती अजूनही रोज पोहायला जायची. तिने इकडेतिकडे पाहिलं, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा पाहिल्या आणि दचकून म्हणाली, "ही सगळी माणसं तुझ्याकडे बघून हसतात की काय दिवसभर?"

धाकटीला हसू आलं.

"तो जेवत नाही," बायको म्हणाली. "दाराकडे बघतो आणि ताई, ताई करतो. तेवढा शब्द मला आता येतो. मला बाकीचे शिकव."

"कुठले?"

"रोजचे. जेव. झोप. टोचतंय का. मी आहे. मला तुझी भाषा शिकायची नाही, तेवढं आयुष्य राहिलं नाही माझं. तोंड पाण्याबाहेर राहील एवढं शिकव."

त्या दिवसापासून धाकटी कामानंतर तिकडे जाऊ लागली. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर शिकवणी चाले. बायको कडक विद्यार्थिनी होती. एक वाक्य आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची नाही. 'ट' काही केल्या तिच्या जिभेवर बसेना. 'तोचतंय का, तोचतंय का' असं म्हणत ती कपबशा विसळायची. 'ळ'शी तिने एकदाच झटापट केली आणि जाहीर केलं की हे अक्षर फक्त माशांना येत असेल. धाकटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. असं हसून किती काळ झाला होता! बायकोला ती मनात काकू म्हणायची. एकदा ते तोंडातून निघून गेलं. "म्हणजे काय?" तिने विचारलं. "काकांची बायको." "मग बरोबर आहे," काकू म्हणाली.

आणि एका संध्याकाळी काकू ताटली घेऊन म्हाताऱ्यासमोर बसली, श्वास भरून घेतला आणि म्हणाली, "जेवतोस का, बाब्या?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, ही आपल्याकडचीच दिसते गं. बोलते जरा बोबडं, पण आपलीच आहे. मला उगाच परकी वाटली." आणि त्याने काकूसमोर तोंड उघडलं.

धाकटीने या वेळी सगळं सांगितलं, बोबडं धरून. काकूने ऐकून घेतलं. तिने घास भरवला, दुसरा भरवला. मग ताटली मांडीवर ठेवून ओढणीसारखा गळ्यात टाकलेला टॉवेल डोळ्यांना लावला. "बघ," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा पटवला त्याला."

पुढे काकूच्या डोक्याने घेतलं की ताई खरी असेल तर तिला शोधायचं. म्हाताऱ्याच्या बोलण्यात गावाचं नाव येई, विहिरीजवळच्या देवळाचं येई. धाकटीने भीत भीत दादाला फोन केला. दादाला नेहमी कामं असत. तिला वाटलं, बघू म्हणेल. तो म्हणाला, "अगं, सांगायचं नाहीस का आधी? एकटी एवढं सगळं करत बसलीस?" आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून तो निघालाच. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "सापडल्या. पंच्याऐंशीच्या पुढे असतील, पण खणखणीत आहेत. मी भावाचं नाव सांगितलं तर उठून चुलीकडे गेल्या. मग मला म्हणाल्या, आधी चहा घे."

व्हिडिओ कॉल ठरला. काकूने म्हाताऱ्याची दाढी केली, नवा शर्ट घातला. स्वतःही ठेवणीतला झगा घालून बसली. धाकटीने फोन कपाला टेकवून उभा केला. पलीकडे दादाचा अंगठा दिसला, मग आढं दिसलं, मग एक सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर पदर, फोनच्या फार जवळ आलेला.

"बाब्या," ताई म्हणाली. "बाब्या रे."

म्हाताऱ्याने पडद्याकडे निरखून पाहिलं. मग धाकटीचा हात धरला. "ताई, ही म्हातारी कोण गं? रडते का?"

काकूला शब्द कळले नाहीत, पण ताईचा चेहरा दिसत होता. धाकटी एकदा फोनकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघू लागली. काय सांगावं, कुणाला सांगावं? पलीकडे ताईने पदराचं टोक तोंडाशी नेलं. मग ते खाली केलं.

"काही नाही रे बाळा," ती म्हणाली. "मी शेजारची. सहज आले होते. तू जेवलास का?"

"जेवलो. ताईने वाढलं."

"मग झालं तर," ताई म्हणाली. तिने धाकटीकडे पाहिलं. "पोरी, तू त्याची ताई. त्याला तूच राहू दे. मी इथून बघते. फोन तेवढा त्याच्याकडे तोंड करून ठेव."

धाकटीने तसा ठेवला. म्हातारा धाकटीशी विहिरीचं बोलत बसला आणि त्याची बहीण पलीकडून ऐकत राहिली. मध्येच तो एखादं नाव विसरे, तेव्हा ती हळूच सांगे आणि धाकटी ते आपलं म्हणून पुढे करी. बोलता बोलता त्याला झोप लागली. मग ताईने धाकटीला सांगितलं, "बाबांनी घरात त्याचं नाव काढायची बंदी केली होती. मरेपर्यंत. मी पाण्याला जायचे तेव्हा विहिरीत वाकून काढायचे. विहीर परत हाक द्यायची ना, तेवढंच बरं वाटायचं." थांबून ती म्हणाली, "त्याच्या बायकोला सांग, तिने त्याची दाढी छान केलीय."

धाकटीने सांगितलं. काकूने फोनसमोर येऊन जमलेल्या सगळ्या शब्दांतून शोधून एक काढला. "मी आहे," ती म्हणाली.

म्हातारा थंडी ओसरताना गेला. सकाळी, झोपेतच. शेवटच्या काही दिवसांत तो काकूलाच ताई म्हणायला लागला होता. धाकटी आत आली तर एकदा तिच्याकडे बघून हसायचा, आपण पाहुण्यांकडे बघून हसतो तसं, आणि पुन्हा काकूकडे वळायचा. "बायको नाही तर नाही," काकू म्हणाली होती, "ताई तर ताई. जवळचीच आहे ना ती." धाकटीने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. स्वतःचं काय गेलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंही. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याकडे गेली होती.

रविवारचा कॉल तेवढा चालू राहिला. आता तो दोन म्हाताऱ्यांचा होता. एकीला त्याचं लहानपण माहीत, दुसरीला बाकीचं, आणि दोघींना एकमेकींकडून सगळंच हवं होतं. पहिल्यांदा कुठल्या पायाने चालला, पहिल्या पगारातून काय आणलं, घोरायचा का. धाकटी मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. पुढे पुढे तिची गरजही कमी होत गेली. काकू बागेतलं फूल फोनपुढे धरायची, ताई वासरू दाखवायची, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत बसायच्या. धाकटी आत जाऊन चहा टाकायची आणि दोन्ही आवाज ऐकत गॅसपाशी उभी राहायची.

अशाच एका रविवारी ती चहा घेऊन आली तेव्हा ताईने तिला थांबवलं. "पोरी, जरा पुढे ये. सगळ्यांचं तू आम्हाला सांगतेस. तुझं कोण आहे गं तिथे?"

धाकटीच्या हातात दोन कप होते. ते ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

"आहेत ना," ती म्हणाली. "खूप जण आहेत."

"काय विचारते ती?" काकूने विचारलं.

"हवा कशी आहे म्हणून विचारतायत."

काकूला हवेबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. वारा कसा सुटलाय, झाडांना पालवी कशी फुटायला लागलीय, सकाळी तलावाचं पाणी अजून कसं हाडं गोठवतं. धाकटीने त्यातलं काही गाळलं नाही. शब्दन् शब्द ताईला सांगितला. ताई ऐकत होती, पण बघत धाकटीकडे होती. शेवटी म्हणाली, "हो का. बरं. थंडीत जपून राहा म्हणावं."

धाकटीने तेही सांगितलं. मग कप विसळले, पालथे घातले आणि चपला घालून ती बसथांब्यावर गेली. बस यायला अवकाश होता. थांब्यावर आणखी एक बाई उभी होती, हातात भाजीची पिशवी. दोघींनी एकमेकींना मान हलवली.